जुन्या कंपन्या, नवे भागीदार आणि परभणीचा शेतकरी

परभणी जिल्ह्याची ओळख मोठ्या कारखान्यांची नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली काळी जमीन, तिच्यावरचा कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीची ज्वारी आणि त्या मालावर चालणारे मोंढे, हा इथल्या अर्थव्यवहाराचा कणा. प्रस्थापित कंपन्या डिजिटल कशा होतात, नवे तंत्र आणण्यासाठी कुणाशी हातमिळवणी करतात, याची चर्चा मुंबई-पुण्यात बँका आणि वाहन उद्योगाभोवती फिरते. परभणीत हाच प्रश्न जिनिंगच्या फाटकावर आणि पीकविम्याच्या अर्जात समोर येतो.

इथल्या नऊ तालुक्यांतल्या शेतकऱ्याचा ज्यांच्याशी दरसाल व्यवहार होतो त्या संस्था जुन्या आहेत. भारतीय कपास निगम, म्हणजे सीसीआय, १९७० सालचे. अकोल्याचे महाबीज १९७६ चे. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चे. पीकविमा चालवणाऱ्या कंपन्या मोठ्या उद्योगसमूहांच्या किंवा सरकारी मालकीच्या. गेल्या दहा वर्षांत या सगळ्यांनी आपले कामकाज मोबाइल ॲप, पोर्टल, उपग्रह आणि क्यूआर कोडवर नेले, आणि ते बहुतेक वेळा एकट्याने नव्हे, भागीदारांना सोबत घेऊन केले. हा बदल कुठवर आला, त्याबद्दल कोणती मते आहेत आणि काय सुटलेले नाही, हे या लेखात क्रमाने पाहू.

आधीचा अनुभव: बियाणे

डिजिटल शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधी या भागाने तंत्र-भागीदारीचा एक पूर्ण फेरा पाहिला आहे. परभणीला लागून असलेल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली. १९९८ मध्ये महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांची संयुक्त कंपनी झाली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. पद्धत अशी की जनुक एका कंपनीचे, ते आपल्या वाणात घालण्याचा परवाना इतर बियाणे कंपन्यांना, आणि प्रत्येक पाकिटामागे जनुकाच्या मालकाला शुल्क. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे गेले होते.

त्याच काळात सार्वजनिक संशोधन मागे पडले. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने दिलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांचा आवडता होता. पण त्यात बीटी जनुक नव्हते, म्हणून तो बाजारातून दिसेनासा झाला. पुढे विद्यापीठाने महाबीजशी करार करून त्याचे बीटी जनुक असलेले बीजी-२ रूप आणले. तोवर खासगी वाणांनी शिवार व्यापले होते.

मूळ भागीदारीचे काय झाले, हेही लक्षात घ्यावे लागते. २०१५ मध्ये शुल्कावरून परवानाधारक कंपन्या आणि जनुकाची मालक कंपनी यांच्यात वाद पेटला, परवाने रद्द झाले, केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये शुल्क ४९ रुपयांवर आले आणि २०२० मध्ये शून्यावर. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. दरम्यान २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. राज्य सरकारने जाहीर केलेल्या मदतीत बियाणे कंपन्यांचा वाटा धरला, कंपन्यांनी तो मान्य केला नाही. जनुकाचा मालक आणि बियाणे विकणारा यांच्यातल्या पैशांचा हिशेब करारात बारकाईने लिहिलेला होता. तंत्र निकामी झाले तर शेतकऱ्याला कोण उत्तर देणार, हे त्यात नव्हते. पुढच्या सगळ्या चर्चेत मला हीच उणीव पुन्हा पुन्हा दिसते.

मोन्सँटोने २०१३ मध्येच हवामान आणि शेतीची माहिती विश्लेषित करणारी क्लायमेट कॉर्पोरेशन विकत घेतली होती, आणि २०१८ मध्ये बायरने मोन्सँटोच घेतली. बियाणे उद्योगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंनी जनुकाच्या जोडीला माहिती हेही भांडवल मानले ते तेव्हापासून.

कापूस खरेदी: ॲप आणि आर्द्रतामापक

डिजिटल बदलाचा सर्वांत मोठा आणि ताजा प्रयोग सीसीआयचा आहे. त्याचे महत्त्व कळायला मागचा इतिहास पाहिजे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. त्यानंतर हमीभावापेक्षा बाजार वर असेल तेव्हा सीसीआयची केंद्रे ओस पडतात आणि बाजार खाली गेला की सेलू, मानवत, जिंतूरच्या जिनिंगांसमोर वाहनांच्या रांगा लागतात. खासगी खरेदीचा भाव पडल्यामुळे २०२४-२५ च्या हंगामात सीसीआयने देशभर सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला. एवढ्या मालाचा पैसा आणि हिशेब कागदावर सांभाळणे कठीण होते, आणि व्यापारी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला माल घालतात ही जुनी तक्रार होतीच.

सीसीआयचे उत्तर दोन टोकांवर आले. एक टोक गिरण्यांच्या बाजूचे. प्रत्येक गाठीवर क्यूआर कोड, त्यामागे ब्लॉकचेनवरची नोंद, त्यातून तो कापूस कुठल्या केंद्रावर घेतला, कुठल्या जिनिंगमध्ये सरकी काढून गाठ बांधली, हे खरेदीदाराला कळते. याच धर्तीवर 'कस्तुरी कॉटन भारत' ही ओळख उभी करण्यासाठी सीसीआय आणि सूती वस्त्र निर्यात संवर्धन परिषद यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये करार झाला. ३० कोटींच्या या कार्यक्रमातला निम्मा पैसा उद्योगाच्या संघटनांचा. जुनी कंपनी, उद्योगसंघटना आणि तंत्र पुरवठादार अशी ही सरळ भागीदारी, आणि ती निर्यातदाराच्या उपयोगाची आहे याबद्दल फारसा वाद नाही.

दुसरे टोक शेतकऱ्याकडचे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'कपास किसान' ॲप आले. हमीभावाने कापूस घालायचा तर आधार, सातबारा आणि पीकपेऱ्यासह त्यावर नोंदणी आवश्यक. ती तपासून मंजूर झाली की दिवस निवडायचा आणि त्या दिवशी माल न्यायचा. २०२५-२६ साठी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात. नोंदणीची मुदत पुढे वाढवावी लागली, यावरूनच पहिल्या हंगामातल्या अडचणींचा अंदाज येतो.

या अडचणींचा मोठा भाग ॲपमध्ये नाही, ॲप ज्या नोंदींवर उभे आहे त्यांत आहे. पीकपेरा येतो ई-पीक पाहणीतून. ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली आणि ती टाटा ट्रस्टच्या साहाय्याने विकसित झाली, म्हणजे तिथेही एक भागीदारी आहे. शेतकऱ्याने बांधावर जाऊन फोटो काढायचा, नोंद थेट सातबाऱ्यावर. बांधावर रेंज नसेल, सर्व्हर चालत नसेल किंवा मुदत टळली, तर कापूस शेतात उभा असूनही कागदावर तो नसतो, आणि मग सीसीआयच्या दारातही तो नसतो. सातबारा वडिलांच्या नावे, कसणारा मुलगा. किंवा जमीन ठोक्याने केलेली, मालक शहरात. अशा वेळी विकणारा आणि नोंदीतला माणूस वेगळे पडतात. ठोक्याने किंवा बटाईने कसणारे मराठवाड्यात थोडे नाहीत. त्यांच्यासाठी या साखळीत अजून जागा नाही.

फाटकाच्या आत गेल्यावर डिजिटल भाग संपतो. कापसाची आर्द्रता ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ पर्यंत टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर माल परत. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसानंतर पहिल्या वेचणीचा कापूस या रेषेच्या अलीकडे-पलीकडे घोटाळत असतो. मापक ढिगाच्या कोणत्या भागात खुपसला, ग्रेडरने कवडी, म्हणजे डागी कापूस, किती धरला, यावर शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल लागतो. हेक्टरी किती कापूस घ्यायचा याच्या मर्यादेवरूनही २०२५ च्या हंगामात वाद झाला, कारण सरासरी उत्पादनाचा आकडा चांगले पीक आलेल्याला अपुरा पडतो. परत पाठवलेला माल तोच शेतकरी वाटेत व्यापाऱ्याला कमी भावात देतो, आणि ही विक्री त्या ॲपमध्ये कुठेच दिसत नाही.

सीसीआयचे जिनिंगशी असलेले नाते या सगळ्यात दुर्लक्षित राहते. निगम बहुतांश ठिकाणी खासगी जिनिंग-प्रेसिंग कारखाने निविदेने भाड्याने घेते. काटा, अंगण, हमाल, वीज हे सगळे जिनिंगवाल्याचे; ग्रेडर आणि पैसा निगमाचा. म्हणजे या कंपनीचा सर्वांत जुना भागीदार तोच आहे. नवी व्यवस्था आखताना त्याच्या क्षमतेचा, दिवसाला किती गाड्या रिकाम्या होतील याचा, नीट मेळ बसला नाही तर ॲपवर मिळालेला दिवस रांगेतच जातो.

पीकविमा: भागीदारीचे बदलते सूत्र

प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली आणि दोनच वर्षांत परभणीचे नाव देशभर गेले. २०१७ च्या खरिपातल्या सोयाबीनच्या भरपाईवरून जिल्ह्यात २०१८ मध्ये मोठे आंदोलन झाले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षाच्या अखेरीस जाहीरपणे मांडले की जिल्ह्यात शेतकरी, राज्य आणि केंद्र यांचा मिळून १७३ कोटींचा हप्ता सोयाबीनसाठी रिलायन्सच्या विमा कंपनीकडे गेला आणि भरपाई ३० कोटींची झाली. योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की एका जिल्ह्याच्या, एका पिकाच्या, एका हंगामाच्या हिशेबावरून विम्याचे मूल्यमापन होत नाही. भरपाई ठरते ती सरकारी यंत्रणेने केलेल्या पीक कापणी प्रयोगांवरून, कंपनीच्या मर्जीवर नाही. दोन्ही विधाने आपापल्या जागी तपासण्यासारखी आहेत. पण शेतकऱ्याचा मूळ आक्षेप भरपाई ज्या क्षेत्रावर मोजली जाते त्या घटकावर होता. नुकसान गावाचे, सरासरी महसूल मंडळाची.

त्यानंतर महाराष्ट्राने कंपन्यांशी असलेले सूत्रच बदलून पाहिले. २०२० मध्ये बीड जिल्ह्यासाठी कंपनी पुढे येईना तेव्हा ८०:११० चे सूत्र निघाले. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्याचा, ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे. २०२२ पासून ते राज्यभर आले. कंपनीच्या नफ्याला आणि तोट्याला दोन्हीकडून कुंपण घालणारा हा करार या सगळ्या आढाव्यातला मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो, कारण त्यात जोखीम कोणाची हे आधी लिहिले गेले.

डिजिटल बाजू मात्र खडतर निघाली. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत ॲपवर किंवा टोल फ्री क्रमांकावर कळवायचे, ही अट पुराच्या आठवड्यात वीज आणि नेटवर्क नसलेल्या गावांना जाचक ठरली. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला आणि अर्जांचा महापूर. अर्जामागे तो भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत होते, आणि शासकीय जमिनींवर, नसलेल्या पिकांवर काढलेले बोगस अर्ज पुढे उघड झाले. पोर्टलने अर्ज भरणे सोपे केले, पण अर्ज खरा की खोटा हे पडताळण्याची तयारी त्या वेगाने झाली नाही.

२०२५ च्या खरिपात योजना पुन्हा बदलली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५. स्थानिक आपत्ती आणि हंगामातल्या प्रतिकूल स्थितीचे निकष राज्याने काढले, भरपाई फक्त सरासरी उत्पादनाच्या आकड्यावर. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. ऑक्टोबरात राज्याने जाहीर केलेले ३१,६२८ कोटींचे पॅकेज हे एका अर्थी विम्यातल्या या पोकळीवरचे उत्तर होते.

उपग्रहाचा वाटा याच मुद्द्यावर वाढतो आहे. केंद्राने २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादन अंदाजात तंत्राधारित आकड्याला ३० टक्के वजन दिले, २०२४ मध्ये सोयाबीन जोडले. समर्थकांच्या मते कापणी प्रयोगात स्थानिक दबाव चालतो, उपग्रहावर तो चालत नाही. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे असे की सलग ढग असलेल्या काळात आणि सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकात प्रतिमा फसवू शकतात. शेंगा उभ्या झाडावरच कोंब फुटून वाया गेल्या तर वरून शेत भरलेलेच दिसते. पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनचा अनुभव असलेला इथला कोणीही ही शंका हलकी मानणार नाही.

विद्यापीठाची भूमिका

निजामाच्या काळापासून परभणी हे शेती संशोधनाचे ठिकाण आहे. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय, १९७२ मध्ये विद्यापीठ, २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचे नाव. जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून इथे रोबो, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांवर आधारित डिजिटल शेतीचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. जुलै २०२२ मध्ये कृषी अभियांत्रिकीचे अभ्यासक इंद्र मणी कुलगुरू झाल्यावर यांत्रिकीकरणाकडे विद्यापीठाचा कल स्वाभाविक होता.

विद्यापीठ कंपन्यांशी करार करते, प्रात्यक्षिके होतात, विद्यार्थी शिकतात. त्यापलीकडचा प्रश्न असा की विद्यापीठ तटस्थ पारखी होणार की कंपनीचा प्रचारमंच. एखाद्या फवारणी ड्रोनने कापसावरच्या बोंडअळीवर किती परिणाम साधला, पाण्याचे प्रमाण इतके कमी ठेवून औषध झाडाच्या आत पोचते का, एखाद्या ॲपचा सल्ला परभणीच्या खोल काळ्या जमिनीत लागू पडतो का, याचे स्वतंत्र निष्कर्ष मराठीत शेतकऱ्यापुढे येणे हे कुठल्याही करारापेक्षा मोलाचे आहे. वाण तपासण्याची शिस्त या विद्यापीठाकडे पन्नास वर्षांची आहे. तीच शिस्त ॲप आणि अल्गोरिदमला लावण्याची पद्धत अजून बसलेली नाही.

बारामतीत कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टसोबत उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याचा बोलबाला झाला. तिथे पाणी आहे, कारखाना आहे, उसाचा एकच खरेदीदार आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पट्टा वगळला तर परभणीचा बराच भाग पावसावर, आणि शेतकऱ्याचा माल दहा दारी जातो. तो प्रयोग जसाच्या तसा इथे उतरेल असे धरणे घाईचे ठरेल.

मतप्रवाह

आजच्या चर्चेत ढोबळमानाने तीन बाजू दिसतात. कंपन्या आणि प्रशासन म्हणतात की डिजिटल नोंदीने मधले हात कमी झाले, पैसा थेट खात्यात गेला, चुकाऱ्यासाठीचे हेलपाटे संपले. यात तथ्य आहे. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत पैशासाठी महिनोन्‌महिने ताटकळलेली पिढी अजून हयात आहे. त्रुटी सुरुवातीच्या असून नोंदी शुद्ध झाल्या की त्या सरतील, असे ही बाजू मानते.

शेतकरी संघटनांचे म्हणणे वेगळे. कंपनीने आपला खर्च कमी केला आणि नोंदणी, फोटो, पुरावा, वेळ हा सगळा भार शेतकऱ्यावर टाकला. तीच माहिती सीसीआयला, विमा कंपनीला, अनुदानाला आणि ॲग्रिस्टॅकच्या शेतकरी ओळख क्रमांकाला वेगवेगळी द्यावी लागते. चूक झाली तर ग्राम महसूल अधिकारी बाजार समितीकडे पाठवतो, समिती ॲपकडे, ॲप मदत क्रमांकाकडे.

तिसरी बाजू धोरण अभ्यासकांची. त्यांच्या मते एकेका कंपनीने आपापले ॲप काढण्याऐवजी माहितीची देवाणघेवाण सार्वजनिक व्यवस्थेतून व्हावी, शेतकऱ्याच्या संमतीने. तेलंगणाने २०२३ मध्ये अशी कृषी माहिती विनिमय व्यवस्था सुरू केली. महाराष्ट्राच्या जून २०२५ मधल्या महाॲग्री-एआय धोरणात, ज्यासाठी पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी ठेवले आहेत, अशाच व्यवस्थेचा विचार आहे. युरोपात शेतीच्या माहितीबद्दल उद्योग आणि शेतकरी संघटनांनी २०१८ मध्ये आचारसंहिता केली. तिथला माहिती कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि यंत्राने गोळा केलेल्या माहितीवर वापरणाऱ्याचा हक्क त्याने मान्य केला. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरवरून दुरुस्तीच्या हक्काची लढाई न्यायालयात पोचली आहे. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ते व्यक्तीच्या माहितीचे. शेताच्या माहितीचे काय, यावर ते फार बोलत नाहीत.

न सुटलेले

पहिला मुद्दा दुरुस्तीचा. ई-पीक पाहणीत कापसाच्या जागी सोयाबीन नोंदले गेले, तर ते किती दिवसांत, कोणाच्या सहीने बदलेल आणि तोवर सीसीआयचे दार व विम्याचा दावा खुला राहील का, याचे एकत्रित उत्तर कोणत्याही भागीदाराच्या करारात नाही. महसूल, पणन, कृषी, निगम आणि विमा कंपनी या पाच ठिकाणी ते विखुरलेले आहे.

दुसरा मुद्दा कसणाऱ्याचा. जमीन मालकाच्या नावावर आणि घाम दुसऱ्याचा, अशा शेतीला डिजिटल ओळख कशी द्यायची, हा कुळकायद्याच्या इतिहासामुळे नाजूक विषय आहे. मालकाला भीती वाटते की नोंद झाली तर हक्क लागेल. तंत्र पुरवणारी कोणतीही कंपनी हा गुंता सोडवू शकत नाही. तो विधिमंडळात सुटायचा आहे.

तिसरा मुद्दा मोजणीचा. आर्द्रता मापकाचे वाचन त्याच क्षणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर यावे, नाकारलेल्या गाडीची कारणासह नोंद राहावी, पीक कापणीचे आकडे मंडळानुसार जाहीर व्हावेत, या मागण्यांना फार मोठे तंत्र लागत नाही. गाठीवर क्यूआर कोड लावणाऱ्या निगमाला ढिगावरचा आकडा नोंदवणे अवघड नसावे.

आणि चौथा मुद्दा विम्यातल्या निकषांचा. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्यप्राण्यांचे नुकसान आणि पाण्याखाली गेलेल्या भाताची भरपाई २०२६ च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीत घेण्याचे जाहीर केले. सोयाबीनच्या पट्ट्याला त्यातून काय मिळेल, हे राज्य आपले काढलेले निकष परत आणते की नाही यावर अवलंबून आहे. परभणीत जूनच्या पेरण्या सुरू होण्याआधी तो निर्णय झाला, तर शेतकऱ्याला निदान हप्ता भरताना कळेल की तो कशासाठी भरतो आहे.